एकास सत्त्याऐंशी

सगळं जग सत्त्याऐंशी पटींनी लहान करायचं, असं एकदा ठरवलं की सुरुवातीला फार बरं वाटतं. चौदा मीटर लांबीची ट्राम सोळा सेंटीमीटरची होते आणि चष्म्याच्या डबीशेजारी निमूट बसते. पावणेसहा फुटी माणूस दोन सेंटीमीटरचा होतो. आख्खा चौक, त्यातली बँक, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, दिव्यांचे खांब आणि आगीचा बंब हे सगळं एका पिंगपाँगच्या टेबलावर मावतं. आमच्या तळघरातलं ते टेबल पिंगपाँगसाठी आणलं होतं, ही गोष्ट घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

या मापाला मॉडेलवाल्यांच्या दुनियेत एचओ म्हणतात. खऱ्यातल्या एका फुटाला इथे साडेतीन मिलिमीटर. गणित सरळ आहे, पण महिन्या-दोन महिन्यांत कळतं की काही गोष्टी लहान व्हायला साफ नकार देतात. किंमत त्यातली पहिली. तिच्याबद्दल मी फार लिहिणार नाही, हा लेख घरातही वाचला जाणार आहे.

मी फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात राहतो आणि निवृत्त झाल्यापासून जुन्या, मोडक्या मॉडेल ट्राम दुरुस्त करतो. या व्यसनाला हे गाव पोषक आहे. ट्राम बांधणारी जे. जी. ब्रिल कंपनी १८६८ मध्ये इथेच सुरू झाली आणि तिच्या गाड्या देशोदेशी गेल्या. १९४१ मध्ये तिने ट्राम बांधणं थांबवलं. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी आपले रूळ उखडले किंवा डांबराखाली पुरून टाकले. इथे मात्र ट्रॉली, म्हणजे आपली ट्रामच, अजून धावते. गिरार्ड अव्हेन्यूवर तर १९४०च्या दशकात बांधलेल्या पीसीसी गाड्या धावतात.

या पीसीसीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटारगाड्यांनी प्रवासी पळवायला सुरुवात केली तेव्हा ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी एक समिती नेमली. समिती नेमली की पुढे काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. या समितीने मात्र खरोखरच एक गाडी तयार केली. गोलसर नाक, मऊ चाल, कमी खडखडाट, आणि धक्का न देता पटकन वेग घेण्याची हातोटी. १९३६ मध्ये ती ब्रुकलिनच्या रस्त्यावर आली आणि १९३८ मध्ये फिलाडेल्फियाला. प्रेसिडेंट्स कॉन्फरन्स कमिटी हे समितीचं नावच तिला कायमचं चिकटलं. समितीच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी देखणी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्या मात्र देखण्या अवस्थेत येत नाहीत. हौशी लोकांचे बाजार भरतात, कधी शाळेच्या जिमखान्यात, कधी गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. टेबलाखाली खोके असतात आणि खरा माल त्यातच असतो. छपराचा पोल तुटलेला, दिवा गेलेला, एक चाक कागदात वेगळं गुंडाळून ठेवलेलं. ‘चालते का?’ असं विचारलं तर विक्रेता नजर न चुकवता सांगतो, ‘शेवटची चालवली तेव्हा चालत होती.’ या वाक्यात खोटं काहीच नाही. असं वाक्य बोलणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची माझी हिंमत होत नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे डबा आणि चेसी वेगळी करणं. डब्याच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी हलकेच फाकवल्या की आतल्या खुंट्या सुटतात. प्लॅस्टिक जुनं असेल तर खुंट्यांऐवजी डबाच सुटतो, म्हणून हे काम चहा पिऊन, शांत डोक्याने करायचं. आत डोकावलं की गाडीचा सगळा पूर्वेतिहास दिसतो. चाळीस वर्षांपूर्वी भरलेलं ग्रीस काकवीसारखं घट्ट होऊन गिअरांत बसलेलं असतं. आसांवर तंतू गुंडाळलेले असतात. चिमट्याने ते सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवले की ही गाडी कोणत्या रंगाच्या गालिच्यावर धावली ते कळतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत नारिंगी आणि शेवाळी रंगाच्या लांब केसांच्या गालिच्यांची साथ होती. ती साथ गेली, तिचे अवशेष माझ्या ट्रामांच्या आसांवर आहेत. अधूनमधून मांजराचा केसही निघतो.

त्यानंतर ‘टक्’ शोधायचा. गाडीला वीज दिली की ती चालते, पण चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा टक् करते आणि किंचित अडखळते. याचं कारण बहुधा आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर असतो. तो धातूच्या आसावर दाबून बसवलेला असतो, वर्षानुवर्षं ताणाखाली राहतो आणि एके दिवशी तडकतो. तडा भिंगातूनही धड दिसत नाही, पण त्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि समोरचा गिअर नेमका तिथे ठेचकाळतो. यावर गोंद चालत नाही. गोंदाने गिअर चिकटतो, अंतर तेवढंच राहतं. नवा गिअरच घालावा लागतो. मग मोटरचा कम्युटेटर. तांब्याचे तीन तुकडे आणि त्यांवर कार्बनची काळी साय. दात कोरायच्या काडीला फडक्याचा तुकडा गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तो पुसायचा. काळं निघत जातं, खालून तांबं उजळतं. आमच्या धंद्यातलं हे सर्वात समाधानाचं काम. याच्यापुढे रंगकाम वगैरे नुसती कारकुनी.

आता वजनाचं पाहा. खरी पीसीसी साधारण सतरा टनांची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशी पटींनी घटली तर वजन सत्त्याऐंशीच्या घनाने घटतं. हिशोब मांडला की सतरा टनांचे सव्वीस ग्रॅम उरतात. सव्वीस ग्रॅमची ट्राम रुळाला धड टेकत नाही. खऱ्या चाकाखाली आलेली धूळ भरडून जाते, इथे धुळीचा एक कण चाकाला रुळापासून वेगळं करतो आणि गाडी चौकाच्या मधोमध ठप्प होते. म्हणून आम्ही जमिनीखाली, आसनांखाली, छपराच्या आतल्या बाजूला, जागा मिळेल तिथे शिशाचे तुकडे चिकटवतो. गाडी मापाच्या कित्येक पट जड झाली की कुठे खऱ्यासारखी वागायला लागते. खऱ्यासारखं वागण्यासाठी एवढं खोटं वजन लागतं, हे मी आमच्या जुन्या ऑफिसातही पाहिलं होतं.

वेगाचंही तसंच. शहरातली ट्राम ताशी वीस किलोमीटरने जात असेल तर माझ्या टेबलावर तिने सेकंदाला जेमतेम सहा-साडेसहा सेंटीमीटर जायला हवं, म्हणजे कासवाच्या चालीने. जुन्या स्वस्त मॉडेलला पूर्ण १२ व्होल्ट दिले तर ते सेकंदात अर्धा मीटर सहज कापतं. सत्त्याऐंशीने गुणा, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेलात. या वेगाने गाडी वळणावर येते तेव्हा आतल्या दोन सेंटीमीटरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा शांत भाव बघवत नाही. त्यामुळे आमच्या दुरुस्तीची कसोटी उलटी असते. गाडी किती पळते ते कोणी विचारत नाही. न अडखळता किती हळू चालते, ते पाहतात. रांगत निघावी, रांगत थांबावी. माझ्या वयाला हा खेळ मानवतो तो यामुळेच.

पुढचा प्रश्न मात्र पान्याने आणि कानसीने सुटत नाही. गाडी दुरुस्त करून कोणत्या सालात न्यायची?

माणसाला आपलं वय एकदाच मिळतं. ट्रामला हवं ते घेता येतं. हिरवा आणि क्रीम रंग, मध्ये मरून पट्टा असं रंगवलं की १९४०-५०ची फिलाडेल्फिया झाली. १९६८ मध्ये सेप्टा या सार्वजनिक संस्थेने ट्राम ताब्यात घेतल्या आणि सत्तरच्या दशकात त्यांतल्या बऱ्याच गाड्या केशरी, निळ्या आणि पांढऱ्या झाल्या. लोक या रंगसंगतीला ‘गल्फ ऑइल’ म्हणायचे, कारण त्या कंपनीच्या पेट्रोलपंपांचे रंग तेच. मोटारींनी जिचं दिवाळं काढलं तिला पेट्रोलपंपाचे कपडे. हौशी मंडळींत यावरून अजून दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर हिरवी गाडी भिंतीवरच्या चित्रात शोभते, पण तुम्ही तिच्यातून रोज कामाला गेला असाल तर तुमची गाडी केशरीच.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना मी सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण देतो. तिथे १९९५ मध्ये मार्केट स्ट्रीटवर एफ लाइन सुरू झाली, ती आमच्या फिलाडेल्फियाच्या जुन्या पीसीसी विकत घेऊन. त्या दुरुस्त केल्या आणि एकेकीला वेगवेगळ्या शहराचे रंग दिले. म्हणजे फिलाडेल्फियात जन्म काढलेली गाडी दुसऱ्याच कुठल्या गावचा वेष घालून सॅन फ्रान्सिस्कोत प्रवासी वाहते. आख्खं शहर आमच्यातलंच निघालं! फक्त त्यांचं माप एकास एक. गिरार्ड अव्हेन्यूच्या अठरा गाड्यांनाही २००५ मध्ये नवं आयुष्य मिळालं तेव्हा हिरवा-क्रीम रंग परत आला, पण बरोबर वातानुकूलन आलं आणि चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्टही आली. २०२० मध्ये त्या पुन्हा थांबल्या, पुन्हा दुरुस्त झाल्या आणि जून २०२४ मध्ये परत रस्त्यावर आल्या. छपरावरच्या वातानुकूलन यंत्राच्या खोक्याने गाडीची मूळ रेषा बिघडली, असं एक जाणकार मला जुलै महिन्यात त्याच गाडीत, त्याच यंत्राच्या गार वाऱ्याखाली बसून सांगत होते.

रंग झाला, अक्षरं चिकटवून झाली, की गाडी नवी कोरी दिसते आणि तिथेच सगळं फसतं. कारखान्यातून निघाल्या दिवशीची ट्राम कोणी पाहिलेली नसते. आता तिला मळवायचं. खडूच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून भुकटी करायची, मऊ कुंचल्याने ती खोबणींत भरायची, अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे दोन थेंब टाकून जाळ्यांवर फिरवायचे. अशी एक अख्खी संध्याकाळ मी एका ट्रामला धूळ लावत बसलो होतो, तेव्हा जिन्यावरून बायको म्हणाली, ‘अहो, दारातल्या गाडीवर बोटभर धूळ आहे. तीच वापरा की. फुकट आहे.’

मी तिला गणित सांगितलं. दारातल्या धुळीचा कण एक दशांश मिलिमीटरचा धरला तरी या मापात तो नऊ मिलिमीटरचा खडा होतो. ट्रामवर धूळ बसल्यासारखी दिसणार नाही, दगडफेक झाल्यासारखी दिसेल. ती म्हणाली, ‘मग निदान ती गाडी धुवा.’ याला उत्तर नव्हतं.

मळाचंही शास्त्र असतं. ते मला शिकवलं आमच्या बाजारात येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांची उभी हयात ट्राम चालवण्यात गेली. मॉडेलच्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलेली गाडी त्यांना दाखवली होती. गंज, ओघळ, चिखल, सगळं अप्रतिम. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, उलटी केली आणि म्हणाले, ‘ही मला चालवायला दिली असती तर मी सरळ घरी गेलो असतो.’ मग त्यांनी समजावून सांगितलं. समोरची काच आणि नाक कधी इतकं घाण नसतं, कारण चालवणाऱ्याला दिसायला लागतं. बाजू धुण्याच्या ब्रशखालून रोज जातात, त्यामुळे मळ उरतो तो ब्रश पोचत नाही अशा कोपऱ्यांत. छपराचा मागचा भाग काळा, कारण पोलच्या टोकाला कार्बन असतो आणि तो तारेला घासून झिजत राहतो. चाकांपाशी करडी भुकटी, कारण रूळ ओले झाले की पकड मिळावी म्हणून चाकांपुढे वाळू सोडतात. आणि दाराच्या पायरीचा रंग मधोमध उडालेला. ‘लोक कडेवर पाय ठेवत नाहीत,’ ते म्हणाले. तेव्हापासून मी कोणत्याही गाडीच्या पायरीचा मधला भाग पहिल्यांदा घासतो.

पोल हा ट्रामचा सर्वात हट्टी अवयव. १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग यांनी रिचमंड शहरात विजेच्या ट्राम यशस्वी करून दाखवल्या त्या याच पोलच्या जोरावर. छपरावर स्प्रिंगने वर दाबलेला दांडा, त्याचं टोक वरच्या विजेच्या तारेला टेकलेलं. वळणावर किंवा सांध्यावर तो सुटतो आणि हवेत नाचायला लागतो. म्हणून त्याला दोरी बांधलेली असते आणि दोरीचं दुसरं टोक गाडीच्या पाठीवर एका गोल डबीत. पोल उसळला की डबीतली स्प्रिंग दोरी खेचून त्याला खाली आणते. खऱ्या तारेत ६०० व्होल्ट असतात. माझ्याकडे वीज रुळांतून येते आणि तार फक्त शोभेची आहे, तरी पोल तारेखाली नसला तर जेवण गोड लागत नाही. खरी तार एक सेंटीमीटरच्या आतबाहेर जाड, ती मापात केसाएवढी भरेल आणि पहिल्या शिंकेला तुटेल. तिथे मी माप सोडून फॉस्फर ब्राँझची जाड तार लावली आहे. दोरीचा प्रश्न बराच काळ सुटत नव्हता. बाजारातला दोरा या मापात गलबताच्या दोरखंडाएवढा दिसतो. शेवटी तो सुटला साडीला फॉल लावायच्या बारीक दोऱ्याने. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून तो मी न विचारता घेतला असं तिचं म्हणणं आहे.

आणि प्रवासी. रिकामी ट्राम फार केविलवाणी दिसते, म्हणून आत माणसं हवीत. ती तयार मिळतात, बसलेली, टोपीवाली, वर्तमानपत्र वाचणारी. अडचण एवढीच, की जिथे त्यांचे पाय यायचे तिथे मोटर असते. मोटर, गिअर आणि शिसं खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आलेलं असतं. त्यामुळे हौशी जगतात सर्वत्र जे करतात तेच मीही करतो. पक्कड घेऊन प्रवासी गुडघ्यावर, कधी थेट कमरेवर कापायचे आणि वरचा भाग चिकटवायचा. बाहेरून खिडकीतून पाहिलं तर सगळे आरामात बसलेले. माझी नात एकदा या कार्यक्रमाच्या मध्येच खाली आली. टेबलावर बशीत पायांचा ढीग होता. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘आजोबा, हे लोक उतरणार कसे?’

ते उतरत नाहीत, असं मी सांगितलं. हा वर्तुळाकार मार्ग आहे.

खरं तर माझ्या सगळ्या फिलाडेल्फियाकर गाड्या चुकीच्या रुळांवर धावतात, हे मी नातीला अजून सांगितलेलं नाही. या शहराच्या ट्रामचे रूळ नेहमीच्या रेल्वेपेक्षा रुंद आहेत, पाच फूट सव्वादोन इंच. रेल्वे कंपन्यांनी आपल्या मालगाड्या रस्त्यांवर आणू नयेत म्हणून मुद्दाम तसे ठेवले, असं सांगतात. एचओ मापात ते अंतर अठरा मिलिमीटरहून जरा जास्त भरतं आणि बाजारात मिळणारा रूळ आहे साडेसोळाचा. साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणलं तर येतात चार फूट साडेआठ इंच. ते माप कोणत्या ट्रामचं? तर आपल्या मुंबईच्या.

मुंबईत ट्रामची कल्पना पहिल्यांदा मांडली ती १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीनेच. प्रत्यक्षात घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, विजेची ७ मे १९०७ रोजी, आणि १९२० मध्ये दुमजली आली. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४च्या रात्री. या दुमजलीचं तयार मॉडेल मला बाजारात मिळालं नाही, म्हणून मी ती स्टायरीनच्या पत्र्यातून कापून बनवायला घेतली. खाली एका मोडक्या ब्रिलची मोटर.

बायकोचं बालपण लालबागचं. तळघरात ती वॉशिंग मशीनपुरती येते आणि टेबलाकडे पाहत नाही. परवा मात्र कपडे मशीनमध्येच ठेवून जवळ आली. अर्ध्या बनलेल्या दुमजलीकडे थोडा वेळ बघून म्हणाली, ‘वरचा मजला आहे ना? मग पुढची जागा. तिथे बाबा आणि मी बसायचो.’

‘ठीक आहे,’ मी म्हटलं.

‘पाय?’ बशीकडे बघत तिने विचारलं.

‘वर मोटर नाही. पाय राहतील.’

‘बाबांना काळी टोपी. माझ्या दोन वेण्या, लाल रिबिनी. आणि बाबांच्या हातात तिकीट दाखवा. ते कधी विनातिकीट बसले नाहीत.’

बोटाच्या दोन पेरांएवढं तिकीट धरलं तर ते या मापात अर्धा मिलिमीटर भरतं. कागदाची जाडीही त्याला सत्त्याऐंशीने भागूनच हवी, हे तिला पटलेलं नाही. फॉलच्या दोऱ्याचं नवं रीळ मात्र तिने आपण होऊन टेबलावर आणून ठेवलं आहे. मी सध्या सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद कोणाकडे मिळेल ते विचारतो आहे, आणि शेजारीपाजारी मी म्हातारपणी सिगरेट ओढायला लागलो, अशी बातमी पसरली आहे.